दगडाची चव

गॅसच्या शोधात खोल विहिरीतून काढलेल्या दगडाची कपची नवऱ्याने दातांखाली धरली, हलकेच चावली आणि डोळे मिटले. त्याचा विसरलेला डबा घेऊन मी प्रयोगशाळेच्या दारातच थबकले.

"कचकच लागली तर रेती, मऊ लागली तर चिकणमाती," तो म्हणाला. "रेतीच्या कणांमध्ये जागा असते, तिथेच गॅस मुरून बसतो."

मग कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापलेला त्याच दगडाचा काप त्याने मायक्रोस्कोपखाली सरकवला. "हा कण बघ. किती लांबून वाहत आलाय, कडा झिजल्यात बिचाऱ्याच्या!"

बिचारा! तो कुठल्या डोंगरातून निघाला, कुठल्या नदीने आणला, कशाच्या ओझ्याखाली दबला, सगळं याला ठाऊक. माझ्या माहेरचा रस्ता मात्र अजून दर वळणावर मला विचारतो. मला त्या कणाबद्दल चक्क सवतीमत्सर वाटला. कोट्यवधी वर्षं गप्प पडून राहिलं की असं कौतुक वाट्याला येत असेल. मला तेवढं गप्प बसणं जमायचं नाही.

काल आमटीत मीठ नव्हतं. "कशी झालीय?" असं मी रोजच्यासारखं विचारलं, आणि रोजच्यासारखीच मान वर न करता हा म्हणाला, "ठीक आहे."

"चावून बघ ना," त्याने एक कपची पुढे केली. मी चावली. श्वास रोखून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"कसं लागतंय?"

डब्याचं झाकण उघडत, मान वर न करता मी म्हटलं, "ठीक आहे."