चारी बाजूंनी मोकळं

त्या वर्षांत आमच्या यवतमाळात कापसाला भाव नव्हता, पण कापूस पिकणाऱ्या जमिनीला मात्र सोन्याचा भाव आला होता. दारव्हा रोडनं निघालं की कापसाच्या पराटीच्या ओळींमध्ये चुना लावलेले दगड दिसायचे. हा तुमचा प्लॉट, तो माझा. बाबांच्या कचेरीत दिवसभर दिल्ली-मुंबईच्या समित्यांना चहा जायचा, शेती का बुडाली याची माहिती टाईप व्हायची. आणि संध्याकाळी तीच बाबू मंडळी स्कूटरी काढून शेतात प्लॉट पाहायला जायची. यात कोणाला काही विसंगत वाटत नव्हतं. बाबांना तर नाहीच. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती, सरकारी क्वार्टर सोडावं लागणार होतं, म्हणून कचेरीतल्या लोकांनी सोसायटी काढून एक शेत घेतलं. शेताचा मालक खूश होता. म्हणाला, "साहेब, ह्या वावरात येवढं पीक आजपर्यंत कधीच आलं नव्हतं."

मी तेव्हा नागपूरहून आर्किटेक्चरची डिग्री घेऊन आले होते, म्हणजे अंगात शहाणपण मावत नव्हतं. बाबा म्हणाले, "घरचीच पोरगी हाये, बाहेरच्याले फी कायले द्याची?" झालं. अख्ख्या सोसायटीचा नकाशा माझ्या गळ्यात पडला. खरं सांगते, मला आनंदच झाला. कारण मला एक काळजी लागून राहिली होती, आणि ती नकाशानं सुटेल असं मला वाटत होतं.

काळजी आईची. आई दम्याची. क्वार्टरमध्ये आमचं आणि शेजारच्या काकूंचं बिऱ्हाड एका भिंतीला लागून होतं, मागचं अंगण एकच. आईचा दम उसळला की काकू पदराला हात पुसत मागच्या दारानं हजर. पाठ चोळायच्या, पंप शोधून द्यायच्या, "हळू व, हळू घे श्वास," म्हणत बसायच्या. बाबा दौऱ्यावर, मी नागपूरला; माझी आई जगली ती काकूंच्या भरवशावर, असं म्हटलं तरी चालेल. आता नव्या घरात तिच्याजवळ कोण येणार?

म्हणून मी घरं एकमेकांना चिकटवून टाकली. भिंतीला भिंत, दोन-दोन घरांची स्वयंपाकघरं एका चौकात उघडणारी. मधे शेतातली विहीर तशीच, तिच्यावरचे दोन्ही कडुनिंब तसेच, कडेचा नाला त्याच्या शिंदीच्या झाडांसकट मोकळा. साऱ्या छपरांचं पाणी विहिरीत. गल्ल्या अरुंद, म्हणजे एका घराची सावली दुसऱ्या घरावर. बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीच्या गावात आणखी काय पाहिजे माणसाला? घरं दाटीनं बसल्यामुळं निम्मं शेत रिकामंच राहत होतं. थर्माकोलचं मॉडेल केलं आणि त्यातली झाडं मी हिरव्या रंगात बुडवलेल्या कापसाची केली. कापूस स्वस्तच होता.

मीटिंग शाळेच्या वर्गात भरली. बायका चहापाणी करायला आलेल्या, पुरुष बाकांवर. सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे बाबांच्या कचेरीतले जुने बडेबाबू. त्यांनी मॉडेलभोवती एक चक्कर मारली, कापसाच्या झाडाला बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, काम लय भारी केलं तू. पण ह्या भिंतीत मी खिळा ठोकला तं तो कोनाच्या घरात निंगन?"

"काका, भिंत जाड आहे."

"आज जाड आहे. भांडण झालं की पातळ होते."

मग सगळ्यांनाच कंठ फुटला. दार पूर्वेला पाहिजे, आणि ते साऱ्यांनाच पाहिजे. पोरीच्या लग्नाचा मांडव कुठं टाकायचा? मी म्हटलं, मधल्या चौकात, कडुनिंबाखाली. "अन् दोघांच्या तारखा एक आल्या तं?" त्या सोसायटीत तेव्हा लग्नाच्या वयाची एकटी मीच होते, आणि माझं कुठं जमत नव्हतं, पण तारखांवरून अर्धा तास वाद झाला.

मी चिडले. चिडले की मी जास्त बोलते. म्हटलं, घाटंजीकडच्या तांड्यांवर जाऊन बघा जरा. घराला घर लागून, मधे सगळ्यांची मोकळी जागा, एकाकडं काही झालं की सारा तांडा गोळा होतो. त्या अडाणी माणसांना जे कळतं ते तुम्हाला का कळू नये?

मागच्या बाकावर बाबांचे एक सहकारी बसले होते, बंजारा समाजाचे, स्वतः तांड्यात वाढलेले. ते शांतपणे उठले. "बेटा, माह्यी माय अडाणी नव्हती. अन् तांड्यातून शिकून बाहेर निंगालो म्हणून तं मी इथं बसलो. साऱ्या सोसायटीले सोडून तू मलेच वापस काहून धाडून राह्यली?"

सगळे हसले. मीही हसले. दुसरं करणार काय, तोंड दाखवायला जागा उरली नव्हती.

तेव्हा बाबा मदतीला आले. म्हणाले, घरात दिवसभर राहणार बायका, त्यांनाही विचारा. बाबांचा हिशोब सरळ होता, आपली बायको पोरीच्या बाजूनं बोलेल. माझाही तोच होता. आईनं हातातला ट्रे खाली ठेवला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "मले वेगळं घर पायजे. चारी बाजूंनी मोकळं."

काकू म्हणाल्या, "मलेही."

संपला विषय. बडेबाबूंनी मॉडेल शाळेच्या कपाटावर ठेवून दिलं, पोरांना पाहायला होईल म्हणून.

परतताना मी रस्त्यातच आईवर उखडले. "तुझ्यासाठी केलं होतं मी ते सगळं!"

"माह्यासाठी? मले विचारलं होतं काय?"

"तुला दम लागला की कोण येईल तिथं?"

आई थांबली. "तुले वाटते, काकू धावून येते ते मले लय आवडते? गाऊन कुठं, केस कुठं, तोंडाचा आ वासलेला, अन् क्वार्टरची आख्खी लाईन दारात उभी. आपलं दुखणं निदान आपल्या घरात, दार लावून काढावं माणसानं. अन् तिच्या घरातलं का मले ऐकू येत नसन? तिचा नवरा तिले काय काय बोलते ते मी ऐकतो, अन् सकाळी दोघी मिळून तांदूळ निवडतो. नको वाटते आता."

माझा राग मी पुष्कळ दिवस सांभाळला.

बंगले झाले. हो, बंगलेच म्हणायचे त्यांना. प्रत्येक घराभोवती नियमानं सोडलेली जागा. समोर कारसाठी, जी कोणाकडंच नव्हती. बाजूंना एक बोळ, ज्यात फुटकी बादली, जुना कूलर आणि सायकल. चारी बाजूंनी मोकळं घर चारी बाजूंनी तापतं, हे सूर्याला कोणी सांगितलं नव्हतं, तो आपलं काम करत राहिला. कडुनिंब रस्त्यात येत होते म्हणून गेले. विहीर बडेबाबूंच्या घराच्या नैऋत्येला निघाली, वास्तुदोष, बुजवली. आणि मग उन्हाळाभर टँकर. नियमानुसार बगिच्यासाठी जागा सोडावी लागते, ती सोसायटीनं नाल्यात सोडली आणि काठावर "बगीचा" अशी पाटी लावली. प्लॉट ईश्वरचिठ्ठीनं वाटले. आम्ही या टोकाला, काकू त्या टोकाला. सगळ्यांनी कंपाउंडच्या भिंतींवर काचा बसवल्या. चोर कोण येणार होता आणि नेणार काय होता, कूलर?

आई मात्र खूश. येईल त्याला घर दाखवायची, पाहुण्यांना घेऊन चारी बाजूंनी चक्कर मारायची. मी नागपुरात नोकरी धरली होती. सुट्टीत आले की म्हणायची, "पाह्य, कसं मोकळं वाटते."

अशाच एका सुट्टीत मी दुपारच्या बसनं आले. बाबा बोरी अरबला कोणाच्या तेरवीला गेले होते. गेट लोटलं तर आई व्हरांड्याच्या पायरीवर बसलेली, चेहरा राखेसारखा, साडी छातीशी घट्ट धरलेली. पंप तिच्या हातात होता, रिकामा. पिशवी टाकून मी धावले. नवा पंप आतल्या कपाटात होता, तिथपर्यंत जायची ताकद तिच्यात नव्हती. हवेसाठी कशीबशी बाहेर येऊन बसली होती. कधीपासून, ते तिलाच सांगता येईना. समोरच्या बंगल्याचं दार लावलेलं, कूलर घरघरत होता. त्याच्या शेजारीही तेच.

हळूहळू श्वास खाली बसला. मी तिचा घाम पुसला. मला रडू येत होतं आणि तिच्यावर ओरडावंसंही वाटत होतं. तेवढ्यात गेट वाजलं. काकू. चांगली साडी, हातात हळदीकुंकवाची कोयरी, उद्याचं बोलावणं करायला निघालेल्या. आई ताठ बसली. पंप पदराखाली गेला.

"या ना, बसा," आई म्हणाली. काकूंना! ज्यांना जन्मभर "ये व" म्हटलं त्यांना. मी सांगायला तोंड उघडलं, तर आईनं असं पाहिलं की मी पाणी आणायला आत गेले. काकू टेकल्या, पाणी प्यायल्या. "किती शांत आहे ना तुमच्याकडं," म्हणाल्या. "आमच्याकडंही असंच. मी तं दुपारभर टीव्ही चालू ठेवतो, पाहत नाही, नुसता."

"हो, शांत आहे," आई म्हणाली.

मी त्यांना सोडायला गेटपर्यंत गेले. तिथं काकूंनी माझा हात धरला आणि आवाज खाली आणला. "बाई, आईचा दम आता बरा आहे ना व? क्वार्टरमंधी होतो तं रातंदिवस आयकू ये. इथं आल्यापासून एकदाही आयकू आला नाही. म्हटलं, चला, घर मानवलं तिले."

मी म्हटलं, "हो काकू, बरी आहे."