राणीचं केशवपन

कोरमंगलात आमच्या खालच्या मजल्यावर एक मावशी राहतात. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू. लग्न होऊन बंगळुरात आल्या त्याला जन्म लोटला, पण मराठी माझ्यापेक्षा चोख. मी पुण्याची, आयटीतली. तोंडात निम्मं इंग्रजी, आणि वर दीडशहाणी.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मला एकपात्री करायचं होतं. विषय मावशींनीच दिला, रोमन काळातली एक ज्यू राणी. जेरुसलेममध्ये रोमन शिपाई लोकांना कापत सुटले, तेव्हा ही केस उतरवलेल्या डोक्याने, अनवाणी त्यांच्या सुभेदारापुढे जाऊन उभी राहिली, थांबवा म्हणून. त्याने ऐकलं नाही. पुढे एका रोमन राजपुत्राचा तिच्यावर जीव जडला. पण तो सम्राट झाला, लोक नावं ठेवायला लागले, आणि त्याने तिला परत पाठवून दिलं. मावशी जीव ओतून सांगत होत्या आणि मी हं हं करत ऑफिसचे मेसेज बघत होते.

घरी येऊन लिहायला बसले. राणी विधवा होती हे कुठेतरी वाचलेलं. विधवा, आणि डोक्यावर केस नाहीत? झालं! मराठी डोकं दुसरीकडे जाणार कुठे? मी तिला लाल आलवण नेसवलं आणि तिच्या तोंडी वाक्य घातलं, "डोईवर नाही केस, आणि मला रोमचा राजपुत्र हवा गं बाई!" तालमीत सगळे पोट धरून हसले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मावशींनी विचारलं तेव्हा मी हौसेने ते वाक्य म्हणून दाखवलं. त्या दचकल्याच. "अगं, केशवपन नव्हे ते, नवस! नवसासाठी केस उतरवले होते तिने. मला मूल होईना तेव्हा मीही बोलले होते. मुलाच्या केसांना सहा वर्षं कात्री लावली नाही, मग नवस फेडताना उतरवले. बदलशील ना?"

"हो मावशी, स्वल्प तर बदलायचंय, थोडंसंच," मी बंगळुरी थाटात म्हणाले.

नाही बदललं. वेळ मिळाला नाही असं मी नंतर सांगत फिरले, तेही खोटंच. एक वाक्य काढायला असा कितीसा वेळ लागतो? मला तो हशा सोडवत नव्हता. मेली हाव!

कार्यक्रमाला मावशी पहिल्या रांगेत, मोबाईल समोर धरून. त्यांची नात इस्राएलमध्ये वाढतेय, तिला पाठवायचं होतं. आपल्या राणीची गोष्ट, आपल्या भाषेत. ते वाक्य आलं, हॉल हसला, मागून शिट्टी आली. मावशींनी मोबाईल हळूच मांडीवर पालथा ठेवला. मला दिसलं. आणि तरी मी टाळ्यांसाठी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. मावशींनी नेहमीसारखा चहा टाकला. माफीऐवजी मी विचारलं, "नातीला पाठवलंत?"

"नाही गं. बॅटरी संपली म्हणून सांगितलं तिला," त्या म्हणाल्या. "आपल्या राणीला आपलीच माणसं हसली, हे त्या पोरीला कोणत्या तोंडाने सांगू?"

मी चहा प्यायले आणि माफी न मागताच वर आले.