पिंगळी स्टेशनवर माझी मुलाखत घेणाऱ्या शैलजा मॅडम

माझं सातव्या महिन्याचं पोट बघूनही नोकरी देणारी बाई आज सकाळी गेली.

शैलजा मॅडम. मूळच्या वालूरच्या.

परभणीत त्यांचा लहान मुलांच्या वाढीचा सर्व्हे होता. गावोगाव जाऊन वजन, उंची घ्यायची.

पण दिवाळीनंतर निम्म्या घरांना कुलूप. माणसं ऊसतोडीला, लेकरं त्यांच्यासोबत. त्या लेकरांचे आकडेच नाहीत.

हा मिसिंग डेटा हाताळायला त्यांना स्टॅटिस्टिक्सचा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी झालेला संशोधक हवा होता. पुण्या-मुंबईचं कुणी परभणीला यायला तयार नव्हतं.

मी अर्ज केला. मुलाखतीला नांदेडहून रेल्वेनं निघाले आणि गाडी परभणीच्या अलीकडं पिंगळीलाच अडकली.

पुढं जीपनं जावं तर रस्ता खोदलेला. जीपवाला म्हणाला, "ताई, असं पोट घेऊन या रस्त्यानं नका येऊ."

रडतच मॅडमना फोन लावला.

"रडायलीस कशाला? हाय तिथंच बस. आमीच येतो."

आणि खरंच आल्या! सोबत पुण्याचे एक्स्पर्ट सर. प्लॅटफॉर्मच्या बाकावर मुलाखत सुरू.

सरांनी विचारलं, "ज्यांचे आकडे नाहीत, त्या मुलांचं काय कराल?"

"सर, गावात राहिलेल्या मुलांवरून त्यांचा अंदाज बांधला तर चुकेल. बाहेर गेलेल्यांतली थोडी तरी उसाच्या फडावर जाऊन मोजावी लागतील. मॉडेल त्यानंतर."

सरांना उत्तर पटलं. मग नजर पोटाकडे गेली. "पण तुम्ही जॉइन कधी होणार?"

मॅडम म्हणाल्या, "लेकरू झाल्यावर. आपला प्रोजेक्टच लेकरांचा हाय सर. अन् एका लेकराची अडचण व्हायलीय का आपल्याला?"

पोस्ट माझ्यासाठी थांबली. मी तान्ह्या ओवीला घेऊनच जॉइन झाले. मॅडमनी केबिनमध्ये साडीचा झोका बांधून दिला.

पुढं फडावर मोजायला आम्ही तिघी जायचो. ओवी मॅडमच्या कडेवर.

फडावरची लेकरं लय हलकी निघाली. त्या दिवशी मॅडम जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते आकडे घेऊन ऑफिसा-ऑफिसांत भांडायला लागल्या. शेवटी फडावर लेकरांना आहार सुरू झाला, तेव्हा आम्हाला पेढे दिले आणि स्वतः दोन खाल्ले. शुगर असून.

परवा दवाखान्यात भेटायला गेले, तर मॅडमचा आवाज पार खोल गेलेला.

"नवीन पोस्टडॉकचं काय झालं?"

"पाथरीचा एक पोरगा आहे, मॅडम. हुशार आहे. पण वडील अंथरुणाला खिळलेत. रोज येणं जमणार नाही म्हणतो."

"मग काय जमंल, ते विचार की त्याला."

काल विचारलं. आठवड्यातून दोन दिवस येतो म्हणाला, बाकीचं घरून करतो.

तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

घेतलाय त्याला, मॅडम.

निवांत जा.