मावशीच्या वाट्याची सायबीण

आमच्या वाड्यावर ख्रिस्ती घरं सात. सहा कॅथलिक आणि एक आमचं. आम्ही घाटावरचे प्रोटेस्टंट. गोवा मुक्त झाल्यावर खाणी वाढल्या तेव्हा बाबा ट्रकदुरुस्तीच्या कामावर डिचोली तालुक्यात आले, सुर्ल्याच्या अलीकडे जागा घेतली आणि परत गेले नाहीत. जवळपास आमच्या सभेची इमारत नव्हती, म्हणून रविवारची उपासना आमच्याच हॉलमध्ये भरायची. नऊ कुटुंबं, चोवीस प्लास्टिकच्या खुर्च्या आणि म्हापशाहून स्कूटरवर येणारे पाळक. खुर्च्यांना मागून क्रमांक मी घातले. गीतांच्या पुस्तकांनाही. लोक हसतात, पण आजवर एकही पुस्तक हरवलेलं नाही.

कॅथलिक घरांतून दरवर्षी सायबीण फिरते. सायबीण म्हणजे मारियेची मूर्ती, काचेच्या लहान पेटीत बसवलेली. संध्याकाळी ती एका घरात येते. तिथे तेर्स होतो, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, शेवटी लादाइन, म्हणजे मारियेची आळवणी, मग उकडलेले चणे आणि थोडी दारू वाटतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या घरची माणसं तिला उचलून पुढच्या घरी पोचवतात. क्रम घरांच्या ओळीने. आमचं घर ओळीत चौथं, पण यादीत नाही. मिरवणूक आमच्या फाटकाशी आली की त्यांचं गाणं हळू व्हायचं आणि आत आम्ही टीव्हीचा आवाज कमी करायचो. दोन्ही बाजू अदबीने एकमेकांना चुकवायच्या. तीस-पस्तीस वर्षं हेच चाललं. त्या अदबीचं मला पूर्वी कौतुक होतं. आता नाही.

पाचवं घर मावशीचं. सख्खी नाही, शेजारची. तिचा नवरा बोटीवर होता, तो गेला. मुलगी लग्न होऊन आखातात. मावशी एकटी राहायची, पण एकटी असल्यासारखी कधी वागली नाही. माझे बाबा गेले तेव्हा पाळकांना पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर मावशी आमच्याकडे बसून होती. आमच्यात माळ जपत नाहीत हे तिला ठाऊक, म्हणून तिने माळ झग्याच्या खिशातून बाहेर काढलीच नाही. आत हात घालून मणी सरकवत होती. मी पाहिलं. त्यावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी मावशीने छप्पर उतरवलं. वासे वाळवीने खाल्ले होते. सुतार सावंतवाडीकडचा. त्याने कौलं काढून अंगणात रचली आणि दिवाळीला गावी गेला. आठवड्याने येतो म्हणाला, त्याचे तीन आठवडे झाले. मावशी स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली राहत होती. रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जात आणि तांबडी धूळ सरळ तिच्या भांड्यांत बसे. आमच्याकडे झोपायला ये म्हटलं तर म्हणायची, "आणि माझ्या घराला राखण कोण, तुझी मांजर?"

अशात सायबीण फिरायला निघाली.

यादी पोदेर ठेवायचा. पोदेर म्हणजे आमचा पाववाला, रोज सकाळी सायकलवर भोंपू वाजवत येणारा. तेर्स चालवायचाही तोच. बुधवारी सकाळी मी आमच्या फाटकाशी उभी होते, मावशी तिच्या.

"मावशे, उद्या तुझा दिवस," तो म्हणाला. "पण तुला छप्परच नाही गे. सायबीण सरळ पुढच्या घरी नेतो. पुढल्या वर्षी घे तू."

"पुढल्या वर्षी मी असेन असं तुला कोणी सांगितलं? पाद्रीने?"

"अगे, पण बसवणार कुठे तिला? ताडपत्रीखाली?"

"एक दिवस थांबव."

"जमत नाही. आयतारी ती वरच्या वाड्यावर पोचली पाहिजे. तिथे सतरा घरं वाट बघतात."

मावशी पाव न घेताच आत वळली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिचा दिवस एकदाही चुकला नव्हता. नवरा गेला त्या वर्षीही नाही. मला तिची पाठ तेवढी दिसत होती, आणि तेवढी पुरे होती.

"माझ्या हॉलमध्ये बसव," मी म्हणाले.

पोदेर हसला. "बाई, तुम्ही सायबिणीला मानत नाही."

"मी मावशीला मानते. दिवस तिचा, दिवा तिचा, प्रार्थना तुमची. छप्पर फक्त माझं."

"पाद्रीला विचारावं लागेल."

"विचार. दुपारपर्यंत सांग. मला चणे भिजत घालायचेत."

घरात सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "पाळकांचा विचार केलास?" केला होता. त्याहून अवघड होती आई. आईच्या आजोबांनी देव्हारा सोडला तेव्हा गावाने त्यांचं पाणी तोडलं होतं. दोन कोस चालून त्यांच्या घरातल्या बायका ओढ्यावरून पाणी आणायच्या. ही गोष्ट आई मला लहानपणापासून सांगत आली होती. मूर्ती नको म्हणून ज्यांनी एवढं सोसलं, त्यांच्या नातीच्या घरात मूर्ती? हे ती बोलली नाही, पण जेवताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिला समजावायला गेले नाही. तिच्या आजोबांपुढे माझ्याकडे मुद्दा नव्हता.

ताट धुऊन ठेवताना ती आपणच म्हणाली, "येशूच्या आईला दारावरून परत लावली, हे मी वर गेल्यावर त्याला कोणत्या तोंडाने सांगू?"

"मग?"

"मग काय. पडदे धुवायला काढ."

दुपारी पोदेर सायकल घेऊन पुन्हा आला. त्यांच्या चर्चचे पाद्री म्हणाले होते, त्या बाई ठेवून घेत असतील तर आपण नको म्हणणारे कोण?

मी कामाला लागले. चणे, खोबरं, मेणबत्त्या, पाण्याचं पिंप, वीज गेली तर पेट्रोमॅक्स, चपला काढायला चटई. उपासनेचं मेज, ज्यावर प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला ठेवतात, ते उचलून आतल्या खोलीत नेलं आणि चादरीने झाकलं. सायबिणीसाठी शिवणयंत्राचं मेज धुऊन मांडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी आली, अबोलीचे गजरे घेऊन, आणि यंत्राचं मेज पाहून म्हणाली, "बरं झालं. तिला पण शिवण येत असणार."

चूक एकच झाली, पण चांगली मोठी. मी चोवीसच्या चोवीस खुर्च्या ओळीत मांडल्या. आम्ही प्रार्थना बसून, डोळे मिटून करतो. तीस वर्षं शेजारी राहून मला हे सुचलं नाही की ही माणसं गुडघे टेकतात.

गुरुवारी संध्याकाळी मिरवणूक निघाली. चौथ्या घराशी, म्हणजे आमच्या फाटकाशी, आली आणि सवयीने सगळ्यांचं गाणं हळू झालं. आई व्हरांड्यातून ओरडली, "मोठ्याने म्हणा की! आत यायचंय तुम्हाला!" कोणीतरी फिसकन हसलं आणि त्यानंतर गाणं असं उठलं की आमचं मांजर पळालं.

मावशीने पेटी स्वतःच्या हातांनी मेजावर ठेवली. मग सगळे खुर्च्यांकडे बघत उभे राहिले. पोदेर म्हणाला, "बाई, नाटक आहे काय?" मी लाजले, पण लाजायला वेळ नव्हता. दहा मिनिटांत आम्ही सगळ्यांनी मिळून खुर्च्या अंगणात काढल्या. एक ठेवली, आईसाठी. तिचे गुडघे वाकत नाहीत, आणि वाकले असते तरी मूर्तीपुढे तिने ते टेकले नसते. मीही टेकले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. ते कोणी पाहिलं नाही असं नाही, पण कोणाच्या कपाळाला आठी पडली नाही.

तेर्सात पाच वेळा प्रभूची प्रार्थना येते. ती त्यांची नि आमची एकच. भाषा वेगळी. ते कोंकणीतून म्हणत होते, आई तिच्या मराठीतून पुटपुटत होती. पण आमच्यात शेवटी एक ओळ जास्त आहे, राज्य आणि गौरव देवाचं म्हणणारी. पहिल्या वेळी सगळे थांबले आणि त्या शांततेत आईचा एकटीचा आवाज पुढे चालत राहिला. तिला ते कळलं तेव्हा अर्धी ओळ झाली होती. मला वाटलं, आता गप्प होईल. ती थांबली नाही. स्पष्ट, सावकाश, पूर्ण म्हटली. मावशी पुढून न वळता म्हणाली, "आमेन." दुसऱ्या वेळी पोदेर मुद्दाम थांबला, तिची ओळ संपेपर्यंत. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वेळीही.

चणे पुरले. सरबत उरलं. आमच्या घरात दारू येत नाही हे सगळ्यांना ठाऊक, तरी पोदेर पेल्यात डोकावून म्हणालाच, "लिंबाच्या सरबतावर लादाइन म्हटलेला हा पहिलाच वाडा." दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मावशी त्या मेजाशी बसली. जेवायलाही उठेना, म्हणून ताट तिथेच दिलं. निघताना तिने आमचा हॉल झाडला. मी झाडू हिसकावायला गेले तर म्हणाली, "माझा दिवस होता. केर पण माझाच."

रविवारी पाळकांना कळलेलं होतं. उपासना संपल्यावर त्यांनी कोणालाच उठू दिलं नाही. ते वाईट गृहस्थ नव्हते. बाबांच्या आजारपणात भर पावसात येऊन उशाशी बसलेले होते. त्यांचा आवाज चढला नाही.

"इथे मूर्ती बसवली होती हे खरं का?"

"खरं. गुरुवार संध्याकाळ ते शुक्रवार संध्याकाळ."

"प्रभुभोजनाच्या मेजावर?"

"नाही. शिवणयंत्राच्या. सभेचं मेज मी आत झाकून ठेवलं होतं."

"तरीही चूक झाली. सभेपुढे तेवढं म्हण, विषय इथेच संपवू."

"मी काय चुकले ते सांगा, मग म्हणते. मी पूजा केली नाही. दिवा लावला नाही. शेजारणीला छप्पर दिलं. शेजाऱ्यावर प्रीती करा हे इथेच उभे राहून तुम्ही शिकवता. तो कोणत्या मंडळीचा असावा हे कधी सांगितलं नाहीत."

"विश्वासात जे दुर्बळ आहेत त्यांना अडखळण होतं अशाने."

"इथे दुर्बळ कोण आहे? हात वर करा," मी मागे वळून म्हणाले. कोणी केला नाही. पण कोणी माझ्या बाजूने बोललंही नाही. आई तेवढी म्हणाली, "मला विचारून झालंय सगळं. तिला एकटीला बोलू नका."

पाळकांनी सांगितलं, चूक मान्य होईपर्यंत सभा या घरात भरणार नाही. डिचोलीला बसस्टँडजवळ एका कुटुंबाच्या घरी भरेल. ते मला लागलं. माझ्या जन्माआधीपासून त्या हॉलमध्ये दर रविवारी गाणं झालं होतं. बुधवारी टेम्पो आला. मी सामान यादीप्रमाणे मोजून दिलं: खुर्च्या, पुस्तकं, मेज, मेजावरचं कापड. नेणाऱ्याची सही घेतली.

मावशीला हे समजलं तेव्हा ती रडली आणि मग चिडली. पाळकांकडे जाऊन बोलते म्हणाली. मी म्हटलं, "तू काही करायचं नाहीस. तुझा सुतार शोध." लोकांनी मला सुचवलं की दुसरी एखादी सभा बघ, किंवा सरळ पाद्रीकडेच जा, नाहीतरी आता काय राहिलंय. हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. मी कॅथलिक झाले नव्हते आणि होणार नव्हते. मावशीला घरात घ्यायला मला माझ्या घरातून निघावं लागतं हे मला मान्य नव्हतं, तेव्हाही आणि आजही.

पुढच्या रविवारी मी आणि आई सकाळची बस पकडून डिचोलीला गेलो. सगळ्यांत आधी पोचलो. माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही. त्यापुढच्या रविवारीही गेलो, आणि त्यापुढच्याही.

वर्ष झालं. मावशीचं छप्पर कधीच पुरं झालं होतं. सायबीण तिच्याच घरी आली. मी आणि आई शेवटपर्यंत बसलो. रविवारी डिचोलीला उपासना सुटल्यावर पाळक स्कूटर काढत होते. दुसऱ्या कोणी त्यांच्या कानावर घालण्याआधी मी स्वतः जाऊन सांगितलं, "या आठवड्यात आम्ही दोघी सायबिणीला गेलो होतो. पुढल्या वर्षीही जाणार."

त्यांनी हेल्मेट हातात तसंच धरलं. "लोक मला विचारतात, ही बाई नक्की कोणाची?"

"विचारणाऱ्यांना माझ्याकडे पाठवा," मी म्हणाले. "दर रविवारी साडेनऊपासून पहिल्या ओळीत असते."