कानात सांगितलेलं नाव

लातूरच्या गंजगोलाईत बांगड्या भरणारी ती मनियारीण हात असा दाबायची, की बांगडी कधी चढली ते कळायचंच नाही. दुकानाच्या दारात तेलाच्या डब्यात सब्जाचं रोप होतं. बोलता बोलता ती त्याचं पान चुरडून हुंगायची.

सातव्या महिन्यात मी हिरवा चुडा भरायला गेले, तेव्हा एक पान तिनं माझ्याही हातावर ठेवलं.

"अरबीत ह्येलाच रैहान म्हनत्यात. अब्बा म्हनायचे, जन्नतचा वास हाय ह्यो. म्हून पोरगी झाली की रेहाना नाव ठिवायचं, आसं ठरवलं व्हतं. पन सगळे पोरंच झाले. नातींची नावं सुनांनी मोबाईलात बघून ठिवली."

मला मुलगी झाली. तिला पहिल्या बांगड्या घालायला मी तिथंच नेलं. मनियारणीनं चिमुकल्या मनगटात बांगड्या चढवल्या, मग हाताचा आडोसा करून ती लेकीच्या कानात काहीतरी पुटपुटली.

"काय सांगितलंत, चाची?"

"माझं राहिलेलं नाव. तुमी तुमच्याच नावानं हाका मारा, बाई. मला फकस्त एकदा कुन्या लेकीच्या कानात घालायचं व्हतं."

घरी येईपर्यंत लेकीच्या कानाशी सब्जाचा वास होता.