बल्ब रिकामा नसतो

मी हट्टी आहे. माहेरी हेच ऐकलं, सासरीही हेच. पण त्या हट्टाचा एकदा तरी उपयोग झाला, तो देऊळघाटच्या पलीकडच्या एका गावात. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी तिथल्या शाळेत नवी शिक्षिका. विज्ञानाचे मास्तर नोकरी सोडून गेले, म्हणून हेडमास्तरांनी आठवीचा तास मला दिला आणि देतानाच बजावलं, "दिवाळीपर्यंतच हं बाई. मग तुम्ही मुलींचं शिवणकाम बघा." मला शिवण येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. तास सोडायचा नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

श्रावणात गावात वीज आली. बल्बमधली हवा काढून घेतलेली असते, आत काहीच नसतं, असं मी वर्गात आधीच शिकवून ठेवलं होतं. मलाही कोणीतरी तसंच शिकवलं होतं.

शाळेतला पहिला दिवा लावायचा मान गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरच्या, शिवणात हात बसलेल्या काकूंना मिळाला. त्यांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या, आणि मग भाषणं सुरू झाली. ती चांगली अर्धा तास चालली. बल्ब शंभर वॅटचा, हात पोचेल एवढ्या उंचीवर टांगलेला. नवी वस्तू आली की तिला कुंकू लावायचं, ही तिथली रीत. भाषणं संपल्यावर काकूंनी ओलं कुंकू बोटावर घेतलं, त्या जळत्या बल्बला टेकवलं आणि फट्‌कन काच फुटली. बोट भाजलं, मनगटावर ओरखडा उठला.

ओरखडा चार दिवसांत गेला, बोल मात्र राहिला. गावाचा पहिलाच दिवा हिच्या हातानं फुटला! त्याच आठवड्यात एका डोहाळजेवणात ओटी भरायला काकू उठल्या, तर त्यांना खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या खोलीवर आल्या.

"बाई, तुम्ही त्यातलं शिकवता. खरं सांगा, माह्या हातात दोष हाय का?"

"नाही हो काकू. तापलेल्या काचेला ओलं लागलं की ती तडकते."

"पण एवढी तापली काऊन? पोरी सांगतात, आत काहीच नाही म्हणून. तार तर पार मधात हाय. मंग आच काचेपर्यंत आली कशी?"

मला उत्तर येत नव्हतं. फार लाज वाटली. विषय बदलून चहा टाकला, त्याची तर जास्तच वाटली.

रविवारी एस.टी.नं बुलढाण्याला माझ्या जुन्या शिक्षकांकडं गेले. त्यांच्या एका जाड पुस्तकात सगळं होतं. लहान बल्ब रिकामे असतात. मोठ्यांतली हवा काढून पुन्हा एक सुस्त वायू भरतात, आरगॉन आणि थोडा नायट्रोजन. तापलेल्या तारेचे कण सुटून उडू पाहतात. अमडापूरच्या बाजारात गर्दी जशी आपल्याला मागं लोटते, तसा हा वायू त्यांना लोटतो. म्हणून तार लवकर झिजत नाही. पण काही आच किरणांनी जाते तशी काही हा वायूही वाहून नेतो आणि काच चांगलीच तापते.

म्हणजे मी चूक शिकवलं होतं. हे गावासमोर सांगावं, तर हेडमास्तरांच्या हातात आयतं कोलीत. न सांगावं, तर काकूंच्या हातावरचा बोल तसाच. परतीच्या वाटेभर मी हेडमास्तरांवर चडफडत होते. पण पिशवीत शंभराचा नवा बल्ब घेतलेला होता.

शनिवारी सकाळी शाळेच्या पटांगणात गावकरी बोलावले. माझं चुकलं, बल्ब रिकामा नसतो, इथपासून सुरुवात केली. बल्ब पेटवून तापू दिला, सगळ्यांना लांब उभं केलं आणि लांब काठीच्या टोकाला ओला बोळा बांधून काचेला टेकवला. फट्!

"आता माझ्या हातानं फुटला," मी म्हणाले. "माझ्याही हातात दोष आहे का?"

हेडमास्तर लगेच बोलले. "बाईंनी चूक शिकवलं, हे त्यांनीच सांगितलं. आणखी काय काय चुकीचं शिकवलं असेल, कोणास ठाऊक."

माझे कान तापले. "मलाही ठाऊक नाही, सर. ते शोधायचं तर दिवाळीनंतरही शिवण नको, तास माझ्याकडंच हवा."

फुटलेल्या पहिल्या दिव्याच्या जागी शाळेचा दुसरा बल्ब लावायचा होता. काकू स्वतःहून पुढं आल्या. पोराचा ताप बघावा तसा त्यांनी न पेटलेल्या बल्बला उलटा हात लावला. "थंड हाय," म्हणाल्या, आणि कुंकवाचं बोट टेकवलं. मग बटण दाबून हेडमास्तरांकडं वळल्या.

"सर, दिवाळीनंतर पोरींले शिवण मी शिकवीन. बाईले त्यायचा तास राहू द्या."