दाजींची शंभर सीसी

बहिणीचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या मार्केट यार्डात होतो. सौद्याआधी हळदीची पोती लावून घेत होतो. तिने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. म्हणाली, "दादा, ती गाडी मला दे."

"कुणाला पाहिजे?"

"मलाच. शिकणार हाय मी."

ती पलूसच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिचं सासर तिथून आत, कृष्णेच्या अंगाला, उसाच्या पट्ट्यातलं गाव. इतके दिवस तिची पाळी दुपारची होती आणि एसटीने भागायचं. आता तिला सकाळची पाळी लावली होती, आणि गावात पहिली एसटी येते तेव्हा ती पाळी सुरू झालेली असते. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, महिनाभरात यायची सोय कर, नाहीतर आम्ही दुसरी मुलगी बघतो. घरात कमावणारी ती एकटी. दाजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, डावा पाय गुडघ्यात वाकत नाही.

"मी तुला स्कुटी घेऊन देतो," मी म्हणालो.

"स्कुटीची चाकं बारकी. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कशा चाकोऱ्या केल्यात, तू बघितलंयस. आणि ह्येंची गाडी असताना दुसरी कशाला?"

ह्येंची गाडी. तिने ते काही मनात धरून म्हटलं नव्हतं. पण मला हातातलं काम सोडून बाजूला जाऊन उभं राहावं लागलं.

ती शंभर सीसीची मोटरसायकल दाजींचीच होती. त्यांच्या लग्नाच्या आधीची. लग्नानंतर ती मी सांगलीला घेऊन आलो आणि तेव्हापासून तिच्यावरच सांगलीवाडीतून पूल ओलांडून रोज यार्डात जातो. चांगली गाडी कशाला म्हणायचं ते मला तिनेच शिकवलं. ती हलकी आहे. सीटवर बसलं की माझ्यासारख्या बुटक्या माणसाचेही दोन्ही पाय जमिनीला पुरतात. गर्दीत ट्रक आणि हातगाडीच्या मधून ती निघते. पेट्रोल संपलं तर ढकलत नेता येते, बॅटरी उतरली तर किक मारून चालू होते, आणि बिघडली तर कुठल्याही फाट्यावरच्या गॅरेजात तिचा पार्ट मिळतो. क्लच चुकला तर ती मुकाट बंद पडते, अंगावर उसळत नाही. आणि पडलीच, तर एकट्या माणसाला उचलता येते. नवीन शिकणाऱ्याला यापेक्षा काय लागतं? हे सगळं दाजींना माझ्या आधी माहीत होतं. त्यांनी ते मला सांगितलंही होतं.

बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही औंधजवळच्या आमच्या गावी होतो. आण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतून निवृत्त झालेले. जावयाला गाडी द्यायची हे त्यांनी आपणहून ठरवलं होतं. मला म्हणाले, "पोराला विचारून ये, कंची पायजे. त्येच्या मनासारखी घेऊ."

मी गेलो. दाजी मला पलूसच्या स्टँडसमोर चहाला घेऊन गेले. बराच वेळ ते चहाच्या कपाशी खेळत बसले. मग म्हणाले, "पावणं, रागावू नका. मला हाय तीच गाडी बरी हाय. द्यायचीच असंल तर अशीच शंभरची द्या. भारी गाडीला माझं पाय टेकत न्हाईत. आन हिच्यावर चारी गिअर फुडं दाबायची सवय लागलीया पायाला."

मी हो म्हणालो. परतीच्या एसटीत बसेपर्यंत माझा विचार फिरला होता. त्या वर्षी आमच्या भावकीतल्या एका लग्नात मांडवापुढे भारी गाडी उभी होती. लोक नवरा-नवरी सोडून गाडीभोवती फोटो काढत होते. आपल्या मांडवापुढे शंभर सीसी उभी आहे आणि भावकीतले एकमेकांना कोपरानं ढोसतायत, हे मला खिडकीतून बाहेर बघताना दिसू लागलं. मोठी गाडी मला हवी आहे असं म्हटलं असतं तर आण्णांनी मला उभं केलं नसतं. म्हणून मी घरी येऊन सांगितलं, "त्यांना मोठीच पाहिजे."

आण्णा म्हणाले, "लाजंकाजंला तरी न्हाई म्हणायचं. बरं. मागितलीया तर देऊ."

गाडी आली. औंधला यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी नेऊन आम्ही तिला हळद-कुंकू लावलं, हार घातला आणि लग्नादिवशी मांडवापुढे उभी केली. दाजींनी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. भर मांडवात नवरदेव काय बोलणार? त्यांनी चावी घेतली आणि आण्णांच्या पाया पडले.

वर आणखी, बहिणीला माहेरी आणायला पहिला मुराळी म्हणून गेलो तेव्हा मी त्यांच्या दारातली जुनी गाडी मागून घेतली. माझी स्वतःची भंगारात गेली होती. "दोन दोन गाड्या दारात कशाला, दाजी?" असं हसत म्हणालो. जुनी राहिली असती तर ते रोज तिच्यावरच गेले असते.

त्याच वर्षीच्या हंगामात, भर दुपारी, ते कारखान्याच्या रस्त्याने एका ट्रॉलीला ओलांडून पुढे जात होते. रस्त्यावर उसाचा पाला पडून, चिरडून, रस गळून बुळबुळीत झालेलं. समोरून टेम्पो दिसला. पटकन पुढे निघावं म्हणून ते वरचा गिअर टाकायला गेले आणि पायाने जुन्या सवयीने गिअर खाली दाबला. त्यांच्या जुन्या गाडीत तो पुढचा गिअर होता. या गाडीत पहिला खाली आणि बाकीचे वर उचलून टाकायचे. गिअर उलटा पडला, मागचं चाक जाम झालं आणि गाडी डाव्या अंगावर गेली. ती एवढी जड की त्यांना पाय काढता येईना. ट्रॉलीवाल्याने आणि आणखी दोघांनी मिळून ती उचलेपर्यंत गुडघ्याचं जे व्हायचं ते झालं होतं. ती गाडी पुढे दवाखान्याच्या खर्चात विकली.

मिरजेच्या दवाखान्यात त्यांनी हे मला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, चादरीवर बोटाने गिअर दाखवत. "पाय जुनीच गाडी चालवत हुता, पावणं." बाकी काही म्हणाले नाहीत. माझ्या बहिणीलाही नाही, आण्णांनाही नाही. आण्णा मरेपर्यंत म्हणायचे, "हट्टानं गाडी मागितली आन पाय घालवून बसला." माझ्यासमोर म्हणायचे. बहीणही तेच मानत होती. नवऱ्याने आण्णांकडे मोठी गाडी मागितली, आणि त्याची फेड ती पाळ्या करून करते आहे. हे तिच्या प्रत्येक वागण्यात होतं. ताट वाढताना होतं, औषध देताना होतं. मी ते बघायचो, चहा प्यायचो आणि त्यांच्या गाडीवर बसून सांगलीला परत यायचो.

त्या फोननंतर मी बहिणीला गाडी दिली. चेन, ब्रेक, टायर सगळं नीट करून नेली. तिचं शिकाऊ लायसन आधीच काढलेलं होतं, हेल्मेट मी नेलं. रोज यार्डातून सुटलो की एसटीने तिच्या गावी जायचो आणि उजेड असेपर्यंत कॅनॉलच्या रस्त्यावर तिला शिकवायचो. सायकल येत असल्यामुळे तोल होता. क्लच सोडताना मात्र गाडी सारखी बंद पडायची.

पारावरच्या लोकांना करमणूक झाली. एक म्हातारबा रोज हजर. "सूनबाई, गाडी चालवतीया का म्हस वळतीया?"

"म्हस बरी, आबा," ती किक मारत म्हणाली. "ती निदान पारावर बसून बोलत न्हाई."

"आगं, पर शिकलीस तर मला बाजाराला न्हेशील का?"

"मागं बसून गप बसणार असला तर."

दाजी दारात खुर्ची टाकून बसायचे आणि आम्ही निघालो की म्हणायचे, "पावणं, गिअरकडं बघू देऊ नका तिला. पायाला आपलं आपण कळतं." ती तिकडे न बघता हेल्मेटचा पट्टा लावायची.

आठवड्याभरात ती सुधारली. त्या दिवशी चौथ्या गिअरवर कॅनॉलच्या टोकापर्यंत जाऊन, वळून, माझ्याजवळ येऊन नीट थांबली. दोन्ही पाय जमिनीवर टेकले. हेल्मेट काढलं. लग्नानंतर तिला इतकं खुश मी पाहिलं नव्हतं.

"दादा, किती सोपी हाय रं ही. एवढी शहाणी गाडी घरात असताना ह्येंना काय अवदसा आठवली कुणास ठाऊक. मोठी पायजे म्हणं. आण्णांपुढं तोंड उघडून मागितली. मला आजूनबी लाज वाटतीया."

मी गप्प राहू शकलो असतो. तशी सवय होती. पण ती त्या गाडीवर बसली होती, पाय टेकवून, आणि दाजींनी चहाच्या टपरीवर जे सांगितलं होतं ते माझ्यासमोर उभं होतं.

"त्यांनी मागितली नव्हती," मी म्हणालो. "त्यांनी शंभरचीच मागितली होती. मोठी मी सांगितली."

तिला आधी कळलं नाही. मी सगळं सांगितलं, भावकीतलं लग्न, एसटीतला विचार, आण्णांपुढे बोललेलं खोटं. ती हँडलकडे बघत ऐकत होती. कॅनॉलचं पाणी वाजत होतं. माझं संपलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "आण्णांना कळलं हुतं का हे?"

"नाही."

"म्हंजी ते ह्येंच्यावर राग धरूनच गेले."

"हो."

तिने हेल्मेट घातलं, किक मारली आणि गेली. गाडी एकदाही बंद पडली नाही. मी मागून चालत गावात आलो. गाडी पत्र्याच्या शेडात लावलेली होती. ती आत भाकरी थापत होती. मी उंबऱ्याशी उभा राहिलो, तर मागे न वळता म्हणाली, "मला चालवायला येतंय आता. उद्यापासनं येऊ नको."

दाजी काठी टेकत फाट्यापर्यंत माझ्याबरोबर आले. त्यांना तेवढं चालायला बराच वेळ लागतो. नको म्हटलं तरी आले.

"सांगितलंसा व्हय," ते म्हणाले.

"आधीच सांगायला पाहिजे होतं."

"आधी सांगायला पायजे हुतं, ह्ये खरं. आता सांगून काय केलंसा?" ते थांबले, दम घेतला. "लंगड्याची बायकू म्हणून तिला रडायला यायचं, तर माझा राग करून ती उभी राहायची. मला ठावं हुतं. म्हणून बोललो न्हाई. माझा राग केला तरी माझ्याच घरात ऱ्हायची. आन जीव कावला की जायला माहेर हुतं, तुमी हुतासा. आता कुठं जाईल ती?"

एसटी आली. त्यांनी हात वर केला.

मला वाटलं होतं, खरं बोललं की ओझं उतरतं. तसं काही झालं नाही. मी हलकं व्हायला गेलो आणि वजन तिच्यावर टाकलं. गाडीच्या वेळीही मी हेच केलं होतं.

ती आता सकाळच्या पाळीला गाडीवर जाते. नोकरी राहिली. हे मला दाजींकडून कळतं. चाळीसच्या वर नेत नाही, ट्रॉली दिसली की मागे थांबते, घाई करत नाही. भाऊबीजेला ती आली नाही. मी जाऊ का, असं दाजींना विचारलं, तर म्हणाले, "ह्या वर्साला नको." मी सिटी बसने यार्डात जातो.

गेल्या रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. "पावणं, गाडीची चेन वाजतीया. कशी ताणायची, ती इचारतीया."

म्हणजे ती जवळच होती. मी म्हणालो, "फोन तिच्याकडे द्या ना."

मग दाजीच म्हणाले, "तुमी सांगा, मी सांगतो तिला."

मी सांगितलं. मागच्या चाकाचा नट आधी सैल करायचा. मग दोन्ही बाजूंचे चेन ताणायचे आटे सारखेच फिरवायचे, एकीकडे जास्त फिरला तर चाक तिरकं बसतं. चेन मधोमध बोटाने दाबून बघायची, थोडी हलली पाहिजे. फार ताठ करायची नाही, तुटते. नट शेवटी घट्ट आवळायचा, तो विसरायचा नाही. मी एक एक सांगत होतो आणि दाजी ते तसंच्या तसं पुढे सांगत होते. मागून पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. चाक हाताने फिरवल्याचा आला. तिचा आवाज काही आला नाही.

"नट आवळला का, विचारा," मी म्हणालो.

"आवळला का म्हणत्यात," दाजी म्हणाले. मग मला म्हणाले, "आवळला."

"परत एकदा बघायला सांगा."

ते त्यांनी तिला सांगितलं की नाही, मला ऐकू आलं नाही. किकचा आवाज आला, गाडी पहिल्याच किकला चालू झाली, आणि फोन बंद झाला.